हात वर केला की दिसतं

लेक्सिंग्टन, ४ मार्च

प्रिय आजी,

माझा फोन नंबर बदललाय. नवा कळवत नाही, कारण तू तो फ्रिजच्या दारावर चिकटवशील आणि आलागेला वाचत बसेल. तसंही फोन कानाला लावला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. तेव्हा आता पत्रंच. शेजारच्या लोवेनाकाकूंना म्हणावं, वाचताना जरा हळू वाचा, आजी मध्ये मध्ये बोलली तर थांबा.

केस कापायचं जुनं दुकान मी सोडलं. आता विंटन रोडवर टायरवाल्याच्या शेजारी बिट्सी नावाच्या बाईंचं दुकान आहे, तिथे लागलेय. बहुतेक गिऱ्हाईक म्हाताऱ्या बायकांचं. केस मूठभर आणि गप्पा पोतंभर. तुझी आठवण येते.

एक विचारायचं होतं. आजोबांचं पिस्तूल अजून तुझ्याकडे आहे का? मला एखादं बारकं हवंय. रोज अंगावर बाळगता येईल आणि कुणाला दिसणार नाही असं. हल्ली इथे बऱ्याच जणी बाळगतात, काळजीचं काही नाही. पण आजी, हे कुणाला बोलू नकोस. कुणालाही म्हणजे कुणालाही.

तुझी,
केंड्रा


लॉरेल खोरं, ११ मार्च

केंड्रा पोरी,

लोवेनानं तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भरभर, कारण तिचा घेवडा चुलीवर होता. दुसऱ्यांदा सावकाश, कारण तो तोवर करपला होता. आता माझ्या घरी जेवणार आहे आणि वर मलाच दोष देतेय. कुणाला बोलू नकोस म्हणतेस, पण मला अक्षर कळत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा लोवेनाला माणसांत धरू नकोस, ती माझे डोळे आहे. (तिनं नाक मुरडलं. लिही गं, हेही लिही.)

तुझ्या आजोबाचं पिस्तूल तुझा मामा घेऊन गेला. आणि ते तुझ्या काय कामाचं? ते अंगावर लपवायचं तर अंगही त्याच्याएवढं हवं. खिशात ठेवलं की विजार एका अंगानं खाली यायची. चर्चमध्ये उभं राहून गाताना पोटाशी हात धरून असायचा. पाद्रीबाबांना वाटायचं केवढी ही भक्ती!

माझ्याही एप्रनच्या खिशात एक इवलंसं असायचं, सापांसाठी. एकाही सापावर कधी झाडलं नाही. मला बघूनच निघून जायचे बिचारे. तुझी आई रांगती असताना तिनं एकदा ते खिशातून ओढून काढलं. त्याच दिवशी आजोबानं ते ओढ्याच्या डोहात फेकलं. माझं पिस्तुलांचं ज्ञान तिथेच बुडालं.

मला कळत नाही ते वेगळंच. केस कापणाऱ्या बाईला पिस्तूल कशाला? बट वाकडी कापली म्हणून कुणी जीव घ्यायला येतं का? माझे केस तर तू बारावं लागल्यापासून वाकडेच कापत आलीस, मी कधी काही म्हटलं का?

ड्वेन परवा येऊन परसातली जमीन नांगरून गेला. न बोलावता. वाळलाय गं. घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली, मागून मागून खाल्ली. म्हणाला, केंड्राचा फोन लागत नाही. म्हटलं, मला तरी कुठे लागतो. तुम्हा नवराबायकोचं काय बिनसलं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण घटस्फोट झाल्यावरसुद्धा बायकोच्या आजीची जमीन नांगरायला कोण येतं, सांग बरं.

पिस्तुलाचं कुणाला तरी विचारते.

तुझी आजी, लोवेनाच्या हातून


लेक्सिंग्टन, २० मार्च

प्रिय आजी,

कुणाला विचारू नकोस! विचारायचं काम मी करतेय आणि जितकं विचारते तितका गोंधळ वाढतोय.

दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं आणि थेट गुलाबी मुठीचं एक काढलं.

"तुमच्या हाताला हे शोभेल."

म्हटलं, "शोभायला नकोय हो, चालायला हवंय."

मग त्यानं माझ्या तळव्यात मावेल असं एक दिलं. म्हणाला, बायकांना लहानच बरं, लपायला सोपं. मला पटलं. शेजारीच नेमबाजीची जागा आहे, तिथे ते भाड्यानं घेऊन उडवून बघितलं. आजी, ते जेवढं लहान तेवढी त्याची लाथ मोठी! अंगठ्याच्या मुळाशी कातडं सोललं आणि गोळी कुठे गेली ते मलाच काय, तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनाही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "हे नवख्यांचं नव्हे. इतकं बारकं पिस्तूल मुरलेल्या हातालाच आवरतं. तू जरा मोठं घे."

मोठं घेतलं. ते हातात छान बसतं, नेमही लागतो. पण पहिली गोळी चढवायला त्याचा वरचा भाग जोरात मागे ओढावा लागतो आणि माझं ते मनगट, बर्फावर घसरून मोडलेलं, तिथेच दगा देतं. सोप्या ओढीचंही मिळालं एक. पण ते कमरेला लावलं आणि केस कापायला हात वर केला की सदरा वर जातो आणि सगळ्या दुकानाला दर्शन. माझे हात दिवसभर वरच असतात! घोट्याला बांधलं तर उभं राहून पाय सुजतात. पोटाला पट्टा बांधून बघितला, त्यात गिऱ्हाइकांचे कापलेले केस जाऊन अशी खाज सुटली की काय सांगू. राहिली पिशवी. ती मागच्या खोलीत खुंटीला.

मग पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. ओढायचं काही नाही, नुसता चाप दाबायचा. चाप मात्र घट्ट. काउंटरवरचा म्हणतो, रिव्हॉल्व्हर म्हाताऱ्यांचं. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, रिव्हॉल्व्हर चालवायला सगळ्यात अवघड. मागे रांगेत उभा असलेला एक अनोळखी माणूस म्हणाला, नवख्यानं रिव्हॉल्व्हर सोडून दुसरं हातात धरूच नये. तिघांनाही किती खात्री! मला तेवढी खात्री आज काय वार आहे याचीसुद्धा नाही.

बहुतेक तेच घेईन. पाच गोळ्यांचं.

आणि ड्वेनला माझ्याबद्दल काही सांगू नकोस. दुकान, गाव, काही नाही. जमीन मामाकडून नांगरून घे.

केंड्रा


लॉरेल खोरं, २८ मार्च

केंड्रा पोरी,

मामाकडून नांगरून घे म्हणे. तुझा मामा नांगरायला येईपर्यंत बटाट्यांच्या आधी मीच जमिनीत जायची.

आता रागावू नकोस. तुझं पत्र ऐकून माझ्या डोक्यात तीन रात्री पिस्तुलंच फिरत होती. लहान घ्यावं तर लाथ मारतं, मोठं घ्यावं तर दिसतं. मला वाटलं, हे माणसांना सुटण्यासारखं नाही. रविवारी पाद्रीबाबांनी नेहमीसारखं विचारलं, आज कुणाकुणासाठी प्रार्थना करायची? कुणाचा गुडघा झाला, हार्लनभाऊंच्या सुनेचं बाळंतपण झालं, आणि बघते तर माझा हात वर.

"बोला आर्विलाआजी."

म्हटलं, "माझ्या नातीला पिस्तूल निवडायचंय, तिला सुचत नाहीये. देवानं तिला बुद्धी द्यावी."

शांतता झाली. कुणाच्या गुडघ्यासाठी एवढी शांतता झाली नव्हती. मग पाद्रीबाबा म्हणाले, "कुठल्या गोळीचं?"

आणि जे सुटलं सगळं चर्च! हार्लनभाऊ उठून म्हणाले, रिव्हॉल्व्हर, त्यात डोकं लागत नाही. चेस्टर मागून ओरडला, "म्हणूनच तुम्ही ते वापरता!" पाद्रीबाबांची बायको लाजत लाजत म्हणाली, बायकांची अडचण बायकांनाच कळते, आणि तिनं कोट बाजूला केला. तिच्या कमरेला पट्टा! मग एकेकीनं दाखवलं. कुणाचं पर्समध्ये, कुणाचं बुटात. पियानो वाजवणारी युनिस एवढी ताठ का बसते ते मला आज कळलं. पोरी, या बायकांच्या शेजारी बसून मी जन्मभर गाणी म्हटली आणि मला वाटायचं आपण शस्त्राशिवायच्या माणसांत आहोत. लोवेनाला विचारलं, तुझं कुठे आहे? ती म्हणते, सांगितलं तर लपवलेलं कसं म्हणायचं?

तू म्हणशील, कुणाला बोलू नकोस म्हटलं होतं. मी माणसांना नाही सांगितलं, देवाला सांगितलं. माणसं तिथे बसली होती, त्याला मी काय करू? आणि देवाला नीट कळावं म्हणून पत्तासुद्धा सांगितला, विंटन रोड, टायरवाल्याच्या शेजारी. लेक्सिंग्टन केवढं मोठं. भलत्याच केंड्राला बुद्धी मिळायची.

शेवटी मत पाच गोळ्यांच्या बाजूनं पडलं, तुझं मन तिकडेच होतं हे मी सांगितल्यावर. सगळ्यांनी डोळे मिटून मागितलं, पोरीचा हात स्थिर राहो. ओमानं, तुझ्या सासूनं, माझा हात धरून ठेवला होता. तिचे डोळे भरले होते. सासू राहिली नाही तरी माया राहते.

ड्वेनला एक शब्द बोलले नाही. तो हल्ली चर्चला येतच नाही. तेव्हा तुझा शब्द मी पाळला.

आजी


लेक्सिंग्टन, ९ एप्रिल

आजी,

हे पत्र लोवेनाकाकूंनी आधी मनात वाचावं, मग तुला वाचून दाखवावं.

मंगळवारी दुपारी बिट्सीबाई म्हणाल्या, "केंड्रा, खुर्चीत गिऱ्हाईक बसवलंय तुझं." वळून बघते तर ड्वेन. अंगावर आमचं काळं कापड पांघरलेलं आणि दोन्ही हात कापडाखाली. आजी, त्याचे हात मला दिसत नव्हते.

"बाजूनं बारीक कर," म्हणाला. दुकान भरलेलं. बिट्सीबाई दोन हात अंतरावर उभ्या. मी ओरडून काय सांगणार होते, की हा माणूस केस कापून मागतोय? मी कात्री हातात घेतली.

आरशातून माझ्याकडे बघत तो हळू आवाजात बोलत होता, वरून बघणाऱ्याला वाटावं गप्पा चालल्यात. "खोऱ्यात तुझ्यासाठी प्रार्थना चालल्यात म्हणे. पाच गोळ्यांचं घेतलंस ना? कुठे ठेवतेस? कमरेला नाही, हात वर करतेस ते बघतोय मी. पिशवीत असणार. पिशवी कुठाय?"

पिशवी मागच्या खोलीत खुंटीला होती. इतकं विचारून, इतकं तपासून घेतलेलं पिस्तूल, ते तिथे, आणि मी त्याच्या मानेवरचे केस साफ करत होते. माझा हात स्थिर होता. तुमच्या प्रार्थनेनं की भीतीनं, मला माहीत नाही.

उठला, आरशात मान वळवून बघितली, खुर्चीवर पैसे ठेवले. म्हणाला, "छान कापलेस. पण महिन्याभरात पुन्हा वाढतील."

तुला सांगायचं नव्हतं. तुला तो आवडायचा आणि तुझ्याकडे जमीन नांगरायला दुसरं कुणी नव्हतं. आजी, माझं मनगट बर्फावर घसरून मोडलं नाही. त्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नव्हता, तुला कसं नाही आठवलं? त्यानं ते दारात धरलं आणि दार लावलं. दुकान मी त्याच्यासाठी बदललं. नंबर त्याच्यासाठी बदलला. पिस्तूल कुणासाठी, आता कळलं असेल.

मी फक्त तुला सांगितलं होतं.

केंड्रा


लॉरेल खोरं, १५ एप्रिल

केंड्रा,

लोवेनानं तू सांगितलंस तसं केलं. मनात वाचलं. मग उठून कॉफी केली, माझ्यासमोर ठेवली, आणि मग वाचलं. कॉफी तशीच राहिली.

बर्फ नव्हता. त्या वर्षी मी फेब्रुवारीतच वाटाणे पेरले होते. हातानं पेरले, आणि तू हात गळ्यात बांधून आलीस तर म्हटलं, शहरातल्या पोरींना बर्फावर चालताही येत नाही. तू हसलीस. मला तुझं ते हसू आता दिसतंय आणि बघवत नाही.

मी तोंड आवरायला हवं होतं एवढं लिहून भागणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. काय केलं ते सांगते.

ड्वेन चर्चमध्ये नव्हता, मग त्याला कळलं कसं? मी लोवेनाला म्हटलं गाडी काढ. मक्याची भाकरी कापडात बांधून घेतली, रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये म्हणून, आणि ओमाकडे गेले. तिनं दार उघडलं आणि माझं तोंड बघून तिथेच खाली बसली.

"ओमा, त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

"का गं बाई?"

"वाटलं, घाबरेल." तिनं भाकरी माझ्या हातातून घेतली आणि मांडीवर धरून बसली. "याच्या बापाच्या वेळी माझ्याकडे काही नव्हतं, आर्विला. हिच्याकडे आहे कळल्यावर हा चार हात लांब राहील असं वाटलं. म्हटलं, तिच्याजवळ पाच गोळ्या आहेत, नाद सोड."

"आणि दुकान? दुकान कशाला सांगितलंस?"

"त्या रस्त्याला फिरकू नकोस म्हणून. विंटन रोडला जाऊ नकोस, असं बजावलं मी त्याला. नाव घेऊन."

मी देवाला पत्ता दिला भलतीकडे जाऊ नये म्हणून आणि हिनं पोराला दिला तिकडे जाऊ नये म्हणून. दोन म्हाताऱ्यांनी तुझ्या भल्यासाठी त्याला दारापर्यंत आणून सोडलं. तिच्यावर ओरडायला गेले होते, पण ओरडायला तोंडच राहिलं नाही.

गुरुवारी तो इथे आला, नांगर गाडीत टाकून. मी जाळीचं दार उघडलं नाही. म्हणाला, "आजी, भूक लागलीय." या दारातून उपाशी माणूस परत पाठवायची माझी ही पहिली वेळ. म्हटलं, "जमीन पुरे झाली नांगरून." तो जाळीतून माझ्याकडे बघत उभा राहिला. मी तेच डोळे इतकी वर्षं गरीब समजत होते. तेच होते गं. काही बदललं नव्हतं. मला अजून समजत नाही, मी काय बघत होते.

तू त्याच्यावर पिस्तूल रोखू शकशील का? विचारायला नको, पण विचारते. मला दोन्ही उत्तरांची भीती वाटते.

आजी

(मी लोवेना. हे माझ्या मनानं लिहितेय, आर्विलाला वाचून दाखवणार नाही. केंड्रा, कोर्टात जा. त्यानं तुझ्याजवळ येऊ नये असा हुकूम मिळतो. माझ्या बहिणीला मिळाला होता. बिट्सीबाईंना साक्षीला ने. आणि आजीला पत्र लिही, ती जेवत नाहीये.)


लेक्सिंग्टन, ३० एप्रिल

प्रिय आजी,

जेव. आधी जेव, मग पुढचं वाचून घे.

काल कोर्टात गेले. दारात सगळ्यांच्या पिशव्या तपासतात, म्हणून पिस्तूल गाडीत ठेवावं लागलं. म्हणजे ज्या एका दिवशी तो माझ्यापासून दोन बाकांवर बसणार हे मला नक्की ठाऊक होतं, त्याच दिवशी ते जवळ नव्हतं. आता यातून काय शिकायचं ते शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सराव वाढव.

बिट्सीबाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तो आला होता, केस कापून घेतले, पैसे दिले. त्याच्या वकिलानं विचारलं, "धमकी ऐकलीत?" त्या म्हणाल्या, नाही. न्यायाधीशबाई कागद चाळत होत्या. मला वाटलं संपलं. केस पुन्हा वाढतील म्हणाला, हे मी तिथे सांगितलं तेव्हा माझं मलाच वेडगळ वाटलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. ओमाआई. एकट्या. सकाळी अंधारात निघून स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. ज्या बाई बाजारापलीकडे गाडी नेत नाहीत त्या! तुला ठाऊक होतं का? त्यांनी हात वर करून शपथ घेतली आणि त्याच्याकडे न बघता सांगितलं. मनगटाचं त्यांना माहीत होतं, तो फुशारकीनं बोलला होता. आणि परवा त्यांच्या स्वयंपाकघरात म्हणाला होता, "ती पाचातली एक उडवायच्या आत मी तिला आडवी करीन." वकील उठला. त्या म्हणाल्या, "बस रे, माझं झालं नाही."

न्यायाधीशबाईंनी हुकूम दिला. त्यानं माझ्या आसपास फिरकायचं नाही. घरातल्या सगळ्या बंदुका शेरीफकडे जमा करायच्या. त्या त्याच्या आईच्या घरात होत्या. ओमाआई म्हणाल्या, मी स्वतः नेऊन देते.

बाहेर आल्यावर मला धन्यवाद म्हणायचे होते. त्या म्हणाल्या, "मला हात लावू नकोस आत्ता, पोरी," आणि गाडीत बसल्या.

तू विचारलंस, रोखू शकेन का. रात्री विचार करते तेव्हा वाटतं, हो. सकाळी कात्री हातात घेते तेव्हा वाटतं, नाही. पिशवी आता खुंटीला ठेवत नाही, खुर्चीच्या पायाशी ठेवते. ती तिथे असली की सारखं तिकडेच लक्ष जातं, नसली की दाराकडे. बिट्सीबाई म्हणतात, विकून टाक, हुकूम मिळाला. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, हुकूम कागद आहे. दोघींना पुन्हा तितकीच खात्री.

मी तुझ्यावर रागावले होते. अजून थोडी आहे. जूनमध्ये येईन, तुझे केस कापायला. वाकडेच कापीन.

केंड्रा


लॉरेल खोरं, ११ मे

केंड्रा पोरी,

जेवते. लोवेना समोर बसून घास मोजते, त्यामुळे जेवावंच लागतं. थोडा राग आहे म्हणतेस, तो राहू दे. मी तरी माझ्यावरचा कुठे सोडलाय?

ओमा कोर्टात जाणार हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. या खोऱ्यात काही लपवता येत नाही असं मला वाटायचं. तिनं ते लपवलं, आणि मी बडबडत बसले.

काल दुपारी ती माझ्या दारात आली. हातात कपड्यांची पिशवी. आधी पाणी मागितलं, मग सांगितलं.

बंदुका तिनं देऊन टाकल्या. शिकारीच्या लांब बंदुका, त्याच्या बापाचं पिस्तूल, त्याचं स्वतःचं, सगळं. ड्वेन लहान असताना तिनं शिवलेली गोधडी होती, तिच्यात गुंडाळून गाडीत ठेवलं. शेरीफच्या माणसानं गोधडी परत दिली तर म्हणाली, असू दे तीपण. हे सगळं गाडीत भरत असताना तो पायरीवर बसून बघत होता. हात लावला नाही, अडवलं नाही, शिवी दिली नाही. ती गाडीत बसली तेव्हा खिडकीशी आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू आता एकटीच राहतेस ना?"

एवढंच. ती म्हणते, एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "पोरगं रागात बोललं असेल."

म्हटलं आणि जीभ चावली. बघ, अजूनही माझ्या तोंडातून तेच येतं.

ओमानं मान हलवली. "रागात नव्हता. रागात असता तर मला कळलं असतं काय करायचं."

मग आपले दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर ठेवले. तिची बोटं तू पाहिली आहेस, संधिवातानं मुळांसारखी वाकलेली. म्हणाली, "आर्विला, केंड्रानं शेवटी कुठलं घेतलं? त्याचा चाप घट्ट आहे म्हणालीस. माझ्या बोटांना जमेल असं कुठलं असतं?"

लोवेनाही तिथेच होती. ज्याला हिनं जन्म दिला, दात आल्यावर हिरड्या चोळल्या, पहिल्यांदा शाळेत घालताना रडली, त्याच्यासाठी कुठलं घेऊ, असं ती मला विचारत होती. आणि मी खरंच विचार करायला लागले, पोरी. लहान की मोठं. खिशात की कमरेला. तुझी सगळी पत्रं डोक्यात उलटीपालटी झाली. हेही कळेना की तिला पिस्तूल मिळावं असं मला वाटतंय, की मिळू नये असं.

तिला काल घरी जाऊ दिलं नाही. तिची पिशवी आत नेली, मधल्या खोलीतली गादी झटकली, तिचा कोट मी स्वतः काढून घेतला. ती पलंगाच्या कडेला बसली, हात मांडीवर उताणे ठेवून. मी दिवा मालवायला गेले तर पुन्हा तेच.

"पण कुठलं गं, आर्विला?"

तुला ठाऊक असेल तर कळव. मला नाही ठाऊक.

तुझी आजी,
लोवेनाच्या हातून